पॉवर प्रेसला गार्ड बसवून घेतले: भोसरीतल्या सेफ्टीच्या कामाचा सविस्तर अनुभव

भोसरी एमआयडीसीत आमचा प्रेस पार्टचा गाळा आहे. सासऱ्यांनी सुरू केला, आता मी आणि माझे धाकटे दीर बघतो. सहा पॉवर प्रेस (डायमध्ये, म्हणजे साच्यात, पत्रा दाबून पार्ट काढणारी यंत्रं), एक ड्रिल, एक ग्राइंडर, कॉम्प्रेसर आणि सोळा माणसं, त्यात पाच बायका. ब्रॅकेट, क्लिपा, वॉशर असा दुचाकीच्या भागांचा माल जातो. यंदा आम्ही प्रेसना गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये असे आडोसे, बसवून घेतले, पॅनेलचं वायरिंग बदललं आणि माणसांचं सेफ्टी ट्रेनिंगही करून घेतलं. तिन्ही कामं भोसरीतल्याच एका छोट्या युनिटकडून. आमच्या लाइनमधली मंडळी फोन करून विचारत असतात, "वहिनी, यांच्याकडून करून घ्यावं का?" म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. उत्तर आहे, जरूर घ्यावं. पण कुठे पाठपुरावा करावा लागतो तेही पुढे सांगते. 5 पैकी 4 गुण.

युनिटचे मालक एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले आहेत. त्यांच्यासोबत पॅनेलचं आणि सेन्सरचं काम बघणारी एक तरुण इंजिनिअर आहे. आमच्याकडे सगळे त्यांना काका आणि तिला ताई म्हणायला लागले, म्हणून इथेही तेच.

काका पहिल्यांदा आले तेव्हा कॅटलॉग पिशवीतच राहिला. चहा नंतर घेऊ म्हणाले आणि 30 टनी प्रेसच्या बाजूला, खांबाला टेकून उभे राहिले. बराच वेळ नुसते बघत होते. मग प्रेसवरच्या मावशींना विचारलं, "मावशी, पार्ट डायमध्ये चिकटला की कशानं काढता?" मावशींनी आधी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, खरं आहे तेच सांगा. त्यांनी दोन बोटांनी पार्ट उचलून दाखवला. पाय पायडलवर तसाच होता. काका म्हणाले, "हा पाय आणि ही बोटं. आधी एवढंच बघू, बाकीचं मागाहून."

त्यांचा पुढचा प्रश्न माझ्या दिरांना होता. "पगार दिवसावर देता की नगावर?" यंत्राचं काम करायला आलेला माणूस पगाराचं का विचारतो, हे दिरांना कळेना. आमच्याकडे पगार महिन्याचा, पण ठरलेल्या आकड्याच्या वर प्रत्येक हजार नगांना जादा पैसे, अशी सासऱ्यांच्या वेळेपासूनची पद्धत होती आणि भोसरीतल्या बहुतेक गाळ्यांत अशीच पद्धत आहे. काका म्हणाले, "चिमट्यानं पार्ट ठेवला की प्रत्येक नगामागे अर्धा-एक सेकंद जातो. त्या अर्ध्या सेकंदाचे तुम्ही पैसे देताय. मग चिमटा भिंतीवरच लटकणार ना?" आमच्या चिमट्यांवर खरंच धूळ होती. हे वाक्य मला सगळ्या कामातलं सर्वांत मोलाचं वाटतं. त्यानंतर आम्ही जादा पैसे नगांवरून काढून पूर्ण शिफ्टच्या चांगल्या मालावर आणि हजेरीवर लावले, आणि कुणाची कमाई आधीपेक्षा कमी होणार नाही एवढं पाहिलं. चिमटे आता प्रत्येक प्रेसच्या हाताशी असतात, पुढच्या टोकाला मॅग्नेट लावलेले. चिमटा मऊ धातूचा घ्या, म्हणजे चुकून डायमध्ये राहिला तरी डाय फुटत नाही. हीसुद्धा काकांचीच सूचना.

आता मुख्य काम. आम्ही त्यांना बोलावलं होतं ते सहाही प्रेसना लाईट कर्टन, म्हणजे किरणांचा पडदा, लावायला. ज्या कंपनीला आम्ही माल देतो तिच्या ऑडिटमध्ये "प्रेसला सुरक्षा नाही" असा शेरा आला होता, आणि लाईट कर्टन लावला की शेरा निघतो असं सगळे सांगत होते. एका विक्रेत्याने तर सहाही प्रेसचं कोटेशन आधीच पाठवून दिलं होतं. काकांनी सहापैकी पाच प्रेसला कर्टन लावायला साफ नकार दिला. मोठी ऑर्डर हातातून जात असताना नकार दिला, म्हणून मी हा परिच्छेद सविस्तर लिहिते.

क्लच म्हणजे मोटरची ताकद प्रेसला जोडणारा भाग. जुन्या प्रेसला, आमच्या पाचांनाही, पिन क्लच असतो. पायडल दाबलं की पिन फ्लायव्हीलमध्ये (मोटरवर फिरणाऱ्या जड चाकात) अडकते, आणि रॅम, म्हणजे वरून दाब देणारा भाग, खाली जाऊन पुन्हा वर येईपर्यंत ती सुटत नाही. मध्येच थांबणं त्या प्रेसच्या हातातच नाही. हवेवर चालणारा क्लच आणि ब्रेक असलेला प्रेस मात्र स्ट्रोकच्या (रॅमच्या एका खाली-वर फेरीच्या) मध्ये कुठेही थांबू शकतो. लाईट कर्टन म्हणजे न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. हात आत गेला, किरण तुटला, की प्रेसला थांबायचा निरोप जातो. पण ज्या प्रेसला थांबताच येत नाही, त्याला निरोप देऊन काय होणार? पिन क्लचवर कर्टन लावला तर दिवे लागतात, ऑडिटवाल्यांना बरं वाटतं, आणि ऑपरेटरला वाटतं आपण सुरक्षित आहोत. म्हणजे त्याचा हात आधीपेक्षा बिनधास्त आत जातो. भोसरीत, चाकणला, तळवड्याला असे कर्टन लावलेले पिन क्लच प्रेस मी स्वतः पाहिले आहेत. तुमच्याकडे कुणी असं कोटेशन दिलं असेल तर पैसे देण्याआधी प्रेसचा क्लच कोणता आहे ते बघा.

आमचा सहावा प्रेस हवेच्या क्लचचा आहे आणि त्याला कर्टन होताही. दुसऱ्या एका पुरवठादाराने तो डायपासून जेमतेम वीतभर अंतरावर लावून दिला होता. ताईंनी प्रेस थांबायला किती वेळ लागतो ते मोजायचं यंत्र आणलं. कर्टनचा आणि पॅनेलचा वेळ धरून सगळं मिळून 180 मिलिसेकंद आले. मग वहीवर हिशेब मांडून दाखवला. जवळच्या अंतरात माणसाचा हात सेकंदाला 2000 मिमी वेगानं जातो असं आंतरराष्ट्रीय मानकात धरतात. 180 मिलिसेकंदांत तो 360 मिमी आत पोचतो. कर्टन 14 मिमीची वस्तू ओळखणारा असेल, म्हणजे बोट ओळखणारा, तर 360 मिमी पुरे. 30 मिमी ओळखणारा असेल तर बोट किरणांच्या मधून पुढे गेल्यावरच त्याला कळतं, म्हणून आणखी 128 मिमी लागतात. आमचा कर्टन 30 मिमीचा होता. म्हणजे तो 488 मिमीवर हवा होता आणि होता वीतभर अंतरावर! इतके महिने दिवे हिरवे-लाल होत होते आणि आमची माणसं त्याच्या भरवशावर काम करत होती. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

ताईंनी कर्टन योग्य अंतरावर सरकवला. आता कर्टन आणि डायच्या मधल्या जागेत माणूस उभा राहू शकेल का, हेही बघितलं आणि बाजूंनी जाळी लावली. या प्रेसचं पायडल काढून दोन हातांची बटणं दिली. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबली तरच स्ट्रोक होतो, आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडावी लागतात. एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवायची युक्ती सगळ्या वर्कशॉपमध्ये चालते, म्हणून ताईंनी सगळ्यांसमोर स्वतःच एका बटणावर चिकटपट्टी लावली आणि आमच्या सर्वांत हुशार ऑपरेटरला म्हणाल्या, "चालवून दाखवा, दादा." प्रेस हलला नाही. त्याने अजून दोन-तीन प्रकार करून बघितले. कोपर आणि हात वापरून एकट्या हाताने दोन्ही दाबता येतात का, तेही. बटणांना कडं होतं आणि अंतरही पुरेसं होतं, त्यामुळे जमलं नाही. हे असं करून दाखवल्यामुळे माणसांचा त्या यंत्रणेवर विश्वास बसला.

पाच पिन क्लच प्रेसचं काम वेगळं होतं. ज्या डायमध्ये स्ट्रिप (पत्र्याची लांब पट्टी) मागून सरकवतात, तिथे डायभोवती कायमचा गार्ड, हत्याराशिवाय निघणार नाही असा. स्ट्रिप जायला फट ठेवावीच लागते, आणि खरी मेख त्या फटीत असते. काकांच्या खिशात पायऱ्यापायऱ्यांची एक पट्टी असते. टोकाला बारीक, मागे जाड. ती फटीतून आत सरकवायची, जिथपर्यंत जाते तिथपर्यंत बोट जातं असं समजायचं. पट्टीचं टोक पंचला (डायवर उतरणाऱ्या वरच्या भागाला) लागलं की गार्ड नापास. फट 6 मिमीपर्यंत असेल तर धोक्याची जागा 10 मिमी आत असली तरी चालते. फट 12 ते 20 मिमीच्या दरम्यान असेल तर 120 मिमी लागतात, कारण बोटं मुठीपर्यंत आत जातात. आणि 20 मिमीच्या वर गेलात की सरळ 850 मिमी, कारण आता अख्खा हात आत जातो. आमच्या फॅब्रिकेटरने बनवलेले जुने दोन गार्ड त्या पट्टीपुढे टिकले नाहीत. दिसायला मजबूत, पिवळा रंग दिलेले, पण फट 25 मिमी.

ज्या जॉबमध्ये ब्लँक (कापलेला पत्र्याचा तुकडा) हाताने ठेवावा लागतो तिथे कायमचा गार्ड चालत नाही. त्या दोन प्रेसना त्यांनी वर-खाली होणारं फाटक दिलं. पायडल दाबलं की आधी फाटक खाली येतं. ते पूर्ण बसलं तरच पिन फ्लायव्हीलमध्ये अडकते. मध्ये बोट असेल तर फाटक अडतं आणि पायडल पुढे जातच नाही. रॅम वर येईपर्यंत फाटक उघडत नाही, आणि हे सर्वांत महत्त्वाचं. कारण पिन क्लच प्रेसचा खरा शत्रू म्हणजे रिपीट स्ट्रोक. ऑपरेटरने एकदा पायडल दाबलं, पार्ट झाला, हात आत गेला, आणि रॅम न सांगता दुसऱ्यांदा खाली आला. प्रेस लाइनमधली जुनी माणसं एखाद्याचा हात बघूनच ओळखतात की हा रिपीटचा हात आहे. त्यात त्या बिचाऱ्याची कसलीही चूक नसते. म्हणून "सांभाळून काम करा" असं भिंतीवर लिहिण्याला मला आता काहीच अर्थ वाटत नाही. सांभाळून काम करणाऱ्याचंही बोट जातं.

रिपीट का होतो ते बघायला काकांनी एका प्रेसचं कव्हर काढलं आणि स्प्रिंग हातात घेऊन दाखवली. पिन मागे खेचणारी ती ताणाची स्प्रिंग होती, दोन्ही टोकांना आकडे असलेली. आकड्याजवळ वाकून वाकून चमकणारी एक बारीक रेघ पडली होती. ती तिथे तुटली की पिन मागे येत नाही आणि स्ट्रोक होतच राहतात. त्याजागी त्यांनी दाबाची स्प्रिंग बसवली, दांड्यावर ओवलेली, वेटोळ्यांमधलं अंतर तारेच्या जाडीपेक्षा कमी. अशी स्प्रिंग तुटली तरी तुटलेली वेटोळी एकमेकांत घुसत नाहीत, त्यामुळे ती बरंचसं काम करत राहते आणि आवाजावरून फिटरला कळतं. या कामाला खर्च तुलनेने किरकोळ आला. बाकी काही करायची ऐपत नसेल तर निदान एवढं आणि क्रँकचा ब्रेक लायनर (रॅम वर थांबवून धरणाऱ्या ब्रेकचं अस्तर) हे दोन तपासून घ्या, असं मी सगळ्यांना सांगते. पायडलवर पत्र्याचं छत हवंच. वरून स्क्रॅपचा तुकडा किंवा कुणाचा पाय पडून स्ट्रोक होण्याचे प्रकार त्याने थांबतात.

डाय बदलताना होणारे अपघात हा वेगळाच विषय आहे आणि त्यावर फार कमी सल्लागार बोलतात. मोटर बंद केली म्हणजे प्रेस बंद झाला असं नसतं. फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं आणि त्याच्यात एक स्ट्रोक मारण्याएवढी ताकद असते. काकांनी सेटरसाठी (डाय बदलणाऱ्यासाठी) नियम घालून दिला. मोटर बंद, फ्लायव्हील पूर्ण थांबलेलं डोळ्यांनी बघायचं, मेन स्विचला स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात, आणि रॅमखाली आधाराचा ठोकळा. ठोकळ्याला साखळीने एक प्लग जोडला आहे. ठोकळा त्याच्या ठेवायच्या जागेवरून उचलला की प्लग निघतो आणि मोटरचं सर्किट तुटतं. म्हणजे ठोकळा आत असताना कुणी मोटर सुरू करूच शकत नाही.

गुरुवारी आपल्याकडे महावितरणचं देखभालीचं काम असतं आणि लाईट कधी येईल सांगता येत नाही. लाईट गेल्यावर ऑपरेटर बहुधा डाय साफ करायला घेतो. अशा वेळी लाईट आली आणि यंत्र आपोआप सुरू झालं तर? ताईंनी सगळ्या स्टार्टरची ही एक चाचणी घेतली. यंत्र चालू असताना मेन पाडला, पुन्हा चढवला. ड्रिल आणि ग्राइंडर आपोआप सुरू झाले. जुने साधे स्विच होते, ते बदलले. आता लाईट आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय काही फिरत नाही. ही चाचणी कुणालाही करता येते आणि खर्च काही नाही.

ट्रेनिंगबद्दल माझं मत संमिश्र आहे. पहिला भाग ऑफिसमध्ये स्लाइडवर झाला आणि तो लांबला. परदेशी कारखान्यांचे फोटो, चकाचक फरशा, गोऱ्या माणसांच्या डोक्यावर हेल्मेट. आमच्या माणसांना त्यात आपलं काही दिसेना. राष्ट्रीय सुरक्षा परिषद 1966 साली 4 मार्चला स्थापन झाली म्हणून त्या दिवशी सुरक्षा दिन असतो, ही माहिती चांगली आहे, पण ती सांगायला दहा मिनिटं नकोत. आमच्याकडे निम्मी माणसं मराठवाड्यातली आणि बाकीची बिहार, ओडिशातली. काकांनी सगळं मराठीत आणि मग हिंदीत सांगितलं, हे बरं झालं, पण फोटो भोसरीचेच हवेत.

दुसरा भाग शॉपमध्ये झाला आणि तो उत्तम होता. प्रत्येकाच्या हातात खडू दिला आणि सांगितलं, "जिथे तुम्हाला कधीतरी भीती वाटली आहे, तिथे फुली मारा. कुणी रागावणार नाही." सुरुवातीला कुणी हलेना. मग एका हेल्परने कॉईलच्या (पत्र्याच्या गुंडाळीच्या) मोकळ्या टोकाजवळ फुली मारली, जिथे पट्टी सुटताना फटका मारते. मावशींनी पायडलच्या खाली तेल सांडतं तिथे मारली. एकाने मागच्या शटरजवळ मारली, कारण स्क्रॅपचे ड्रम लावल्याने ते शटर उघडत नव्हतं. कॉम्प्रेसरच्या पट्ट्याजवळ तीन फुल्या होत्या. ऑडिटवाल्यांच्या यादीत यातलं एकही नव्हतं. काकांनी प्रत्येक फुलीसमोर उभं राहून एकच क्रम लावला. हे काम काढूनच टाकता येईल का? नाही, तर कमी धोक्याच्या पद्धतीने होईल का? नाही, तर यंत्राला आडोसा? नाही, तर नियम आणि पाळी? आणि सर्वांत शेवटी हातमोजे, बूट, चष्मा. आपण सगळे नेमकं उलट करतो, आधी हेल्मेट विकत घेतो.

मागच्या शटरवर मात्र ते थांबले आणि दोन आगींची आठवण करून दिली. 7 जून 2021 ला पिरंगुटजवळ उरवड्याच्या कंपनीत लागलेली आग आणि 8 डिसेंबर 2023 ला तळवड्यात स्पार्कल मेणबत्त्यांच्या कारखान्यातली आग, दोन्ही आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावरच्या. दोन्ही ठिकाणी गेलेल्यांमध्ये बहुतेक बायका होत्या. शॉपमध्ये एकदम शांतता झाली आणि त्याच संध्याकाळी पोरांनी ड्रम हलवले. आता तिथे जमिनीवर पिवळा चौकोन आहे आणि त्यात काहीही ठेवत नाहीत. पॅनेलजवळ पाण्याची बादली होती ती काढून कार्बन डायऑक्साईडचा सिलेंडर ठेवला.

हातमोजे, बूट वगैरे सामान त्यांनी विकलं नाही, फक्त यादी दिली आणि आयएसआयचा शिक्का कुठे बघायचा ते दाखवलं. बुटांसाठी आयएस 15298 भाग 2. त्याच्या पुढच्या टोपीला 200 ज्यूलचा आघात सोसावा लागतो, म्हणजे साधारण 20 किलोचं वजन मीटरभर उंचीवरून पडलं तर. त्याच मालिकेतल्या भाग 4 च्या बुटाला टोपीच नसते, आणि दुकानदार तोही "सेफ्टी शूज" म्हणूनच देतो. बायकांच्या मापाचे बूट मिळवायला मला बरीच पायपीट करावी लागली. पाच नंबरच्या पायात सात नंबरचा बूट घालून दोन मोजे चढवायला सांगणाऱ्या दुकानात मी पुन्हा जाणार नाही. पत्रा उचलताना हातमोजे हवेतच, पण ड्रिलवर अजिबात नाही, कारण फिरतं ड्रिल मोज्याला धरून हात ओढून घेतं. ओढणी आणि पदर यांसाठी मागून बांधायचा कोट शिवून घेतला.

आवाज मोजला तेव्हा दोन प्रेसच्या मध्ये 95 डेसिबल निघाला. आपल्याकडे आठ तासांना 90 ची मर्यादा, आणि 5 वाढले की वेळ निम्मा, म्हणजे तिथे चार तासच. पाळी बदलली, प्रेसखाली रबराचे पॅड टाकले, आणि इअरप्लग दिले. इअरप्लग घालायची पद्धत ताईंनी एकेकाला शिकवली. प्लग चोळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून जाऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग सरकवून बोटाने धरून ठेवायचा, फुगेपर्यंत. एरवी सगळे प्लग कानाच्या तोंडाशी नुसते लावून फिरतात.

आता तक्रारी. फाटकाच्या खिडकीला आधी त्यांनी अॅक्रिलिक लावलं. तेल आणि साफसफाईच्या कापडाने ते लवकरच धुरकट झालं, डाय दिसेना, आणि ऑपरेटर मान वाकडी करून बघायला लागले. दिसत नसेल तर कुणी ना कुणी गार्ड काढणारच. सांगितल्यावर पॉलिकार्बोनेट लावून दिलं, पैसे घेतले नाहीत, पण सुरुवातीलाच लावायला हवं होतं. दुसरं, महिन्याने करायची तपासणी बरीच उशिरा झाली, मला सारखा फोन करावा लागला. कामं वाढली आहेत, माणसं दोनच, हे समजतं. तरी सुरक्षेच्या कामात ठरलेली तारीख पाळलीच पाहिजे. तिसरं, कोटेशनमध्ये सध्याच्या डायपुरतेच गार्ड होते. नवीन डाय आली की गार्डचा पुढचा पत्रा बदलावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे, हे आधी स्पष्ट सांगितलं नव्हतं. भिंतीवरचे बोर्ड इंग्रजीत आले होते, ते आम्ही पेंटरकडून मराठी-हिंदीत करून घेतले.

खर्चाचं विचाराल तर फाटकाच्या प्रेसला साधारण 35 हजार, कायमच्या गार्डला त्याच्या निम्म्याहून कमी. पाच निरुपयोगी कर्टनच्या कोटेशनपेक्षा सगळं मिळून बरंच स्वस्त पडलं. उत्पादन पडेल अशी दिरांना धास्ती होती. फाटकाच्या प्रेसवर सुरुवातीला पडलंही. हात बसल्यावर फरक फारसा राहिला नाही, आणि एका जॉबला जो राहिला तो आम्ही दरात धरून पार्टीला सांगितला. त्यांनी कुरकुर करून मान्य केला.

काही गाळेवाले म्हणतात, आमचा विमा आहे, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) आहे. ईएसआय हवाच, उपचार आणि पगाराची भरपाई त्यातून होते. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याची जागा 2025 मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण त्या जुन्या कायद्याचं पहिलं परिशिष्ट एकदा वाचा. कमाईची किती क्षमता गेली ते तिथे टक्क्यांत लिहिलं होतं. अंगठा 30, पूर्ण तर्जनी 14, मधलं बोट 12, अनामिका किंवा करंगळी 7. मी हिशेबाची कामं करत आले आहे, टक्क्यांची मला सवय आहे, पण ते पान वाचून मी वही मिटली. यंत्राचे धोक्याचे भाग झाकायची सक्ती 1948 च्या कारखाने कायद्याने कलम 21 मध्येच घातली होती. म्हणजे ही काही परदेशी कंपन्यांच्या ऑडिटची नवीन टूम नाही.

यांना बोलावणार असाल तर आधी एवढं करून ठेवा. प्रत्येक प्रेसचा टनेज आणि क्लचचा प्रकार, चालू डायची यादी, आणि कुठला जॉब हाताने भरला जातो. फोनवर एवढं सांगितलं तर काका पहिल्याच भेटीत पट्टी आणि मापं घेऊन येतात. काम ठरवताना तीन गोष्टी कोटेशनवर लिहून घ्या. खिडकीला पॉलिकार्बोनेट, नवीन डायच्या गार्डचा दर, आणि पुढच्या तपासणीची तारीख. भेट शक्यतो चालू शिफ्टमध्ये ठेवा, गुरुवारी नको. बंद प्रेससमोर उभं राहून त्यांना काही कळत नाही, असं ते स्वतःच सांगतात. आमच्या 100 टनी प्रेसला नवीन डाय येते आहे, तिचा गार्ड मी त्यांच्याकडेच टाकला आहे, आणि तो बसेपर्यंत ती डाय प्रेसवर चढणार नाही.